टेबलाखालचा नियम

सोमवारी सकाळी पावणेअकराला राजपत्र शाखेतल्या मोठ्या टेबलावरचा चहा सांडला. या टेबलावर बावीस वर्षांत थेंबभर चहा सांडला नव्हता, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या आणि काही फुकट बघायला मिळतंय का ते पाहिलं.

टेबल मुख्य कारकुनांचं होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटात सुरक्षित होतं. बाकी सगळे त्यांना पोटकलम म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. कोणी सहज "जेवलात का?" म्हटलं तरी ते सांगत, "डब्याला जेवण मानलं तर हो. मात्र न मानल्यास अजून नाही." लोक पुन्हा विचारत नसत.

शाखेचं काम तसं सरळ होतं. राज्यातली खाती नियम करत. होडीत माणसं किती बसवायची याचे नियम, वजनकाटे वर्षातून किती वेळा तपासायचे याचे नियम. पण खात्याने नियम केला, वर सही झाली, शिक्का बसला, तरी तो नियम होत नसे. दर गुरुवारी निघणाऱ्या राजपत्रात तो छापून आला की त्या दिवसापासून नियम. तोवर नुसता कागद. राजपत्र कोणीही वाचत नसे आणि ते सगळ्यांनी वाचलं आहे असं कायदा धरून चालत असे. या व्यवस्थेविषयी आजवर कोणाची तक्रार आली नव्हती, कारण तक्रार कुठे करायची हेही राजपत्रातच छापलं होतं.

टेबल हलायला लागण्याचं कारण वाळवी. रविवारी औषध मारणारी माणसं येऊन गेली. त्यांनी टेबल उचललं, आखूड पायाखालचं जाडसर बंडल काढलं, औषध मारलं, टेबल ठेवलं आणि बंडल नीट पुसून वर ठेवून दिलं. अशी नेकीने कामं करणारी माणसंच माणसाला गोत्यात आणतात.

पोटकलमांनी चहा पुसला आणि बंडल सोडलं. आत चार पानं होती. पहिल्या पानावर मथळा होता : 'सेवानिवृत्तीचे वय (सुधारणा) नियम'. मजकूर थोडक्यात असा, की सरकारी नोकर यापुढे साठाव्या वर्षाऐवजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. शेवटच्या कलमात एक सवलत होती. नियम प्रसिद्ध होतील त्या दिवशी ज्यांची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली असतील, त्यांना ते लागू नाहीत. ते साठपर्यंत राहतील. खाली सही, शिक्का आणि बावीस वर्षांपूर्वीची तारीख.

पोटकलमांनी त्या वर्षीचं जावक रजिस्टर काढायला लावलं. नोंद होती : 'छपाईस रवाना'. मग त्या वर्षीची बावन्न राजपत्रं काढायला लावली. त्यांत हा नियम नव्हता.

"म्हणजे काय झालं?" शिपायाने विचारलं. बावन्न राजपत्रं त्यानेच तळघरातून वर आणली होती, त्यामुळे त्याला विचारायचा हक्क होता.

"काहीच झालेलं नाही," पोटकलम म्हणाले. "हीच तर भानगड आहे."

झालं होतं ते असं. रजिस्टर कधी मागे पडू नये म्हणून शाखेत आधी नोंद करायची आणि मग बंडल पाठवायचं, अशी जुनी शिस्त होती. नोंद झाली. बंडल राहिलं. पुढे एका खात्याने परिपत्रकात लिहिलं, 'राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार'. दुसऱ्याने पहिल्याचं बघून लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. मूळ राजपत्र उघडून पाहण्याचा आगाऊपणा कोणी केला नाही. बावीस वर्षं माणसं अठ्ठावन्नाव्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ भेट घेऊन घरी जात राहिली.

आणि येत्या शनिवारी पोटकलम जायचे होते. महिन्याचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी त्यांची अठ्ठावन्न पूर्ण. घड्याळ आणून कपाटावर ठेवलेलं होतं. त्याची टिकटिक त्यांना गेले चार दिवस ऐकू येत होती.

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी चारही पानं वाचली आणि विचारलं, "हे कोणाला दाखवलंत?"

"कोणालाच नाही. फक्त टिपणी वर पाठवली आहे. 'गोपनीय' असं लाल शाईत लिहून."

साहेबांनी डोळे मिटले. त्या इमारतीत साधी फाइल तीन महिने पडून राही. गोपनीय मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांची वाचून होई.

"मागची तारीख घालून नाही का छापता येणार?"

"राजपत्राला मागची तारीख नसते, साहेब."

"मग असं करा," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "ते होतं तिथेच ठेवा. टेबलसुद्धा हलतंय म्हणे तुमचं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, साहेब. आता माहीत आहे," पोटकलम म्हणाले. एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकून साहेब घाबरले.

मंगळवारी सकाळी दहा वाजता अकरा निवृत्त माणसं कामावर हजर झाली. सगळे अठ्ठावन्न आणि साठच्या मधले. रोज सकाळी बागेत एकत्र फिरायला जाणारी ही मंडळी. शिपायाचा मेहुणा त्याच बागेत माळी होता, त्यामुळे बातमी कशी फुटली याची चौकशी करावी लागली नाही. प्रत्येकाच्या हातात डबा होता. प्रत्येकाने हजेरीपटावर सही केली आणि जो तो आपापल्या जुन्या खुर्चीकडे गेला. खुर्च्यांवर माणसं होती.

"उठा."

"का म्हणून?"

"मी निवृत्तच झालो नाही तर तुम्ही बसलात कसे?"

हा प्रश्न अकरा ठिकाणी एकाच वेळी विचारला गेला आणि अकराही ठिकाणी स्टूल मागवलं गेलं. दुपारपर्यंत निम्म्या इमारतीत खुर्चीवर एक आणि स्टुलावर एक असा कारभार चालू झाला. सगळ्यात अवघड प्रसंग साहेबांच्या दालनात होता. तिथे माजी साहेब आले होते. त्यांचं वय एकोणसाठ वर्षं आणि आठ महिने.

"मी गेलो म्हणून तुम्हाला बढती मिळाली," माजी साहेब शांतपणे म्हणाले. "मी गेलोच नाही. मग तुम्ही कोण?"

साहेबांनी विधी सल्लागारांना बोलावलं. सल्लागारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मत दिलं की न छापलेला नियम हा नियम नव्हे. सबब हे अकराजण नोकरीत आहेत. येत्या गुरुवारी नियम छापला तरी अठ्ठावन्न उलटून गेल्यामुळे सवलतीच्या कलमाने ते साठपर्यंत राहतील. मात्र तो लगेच छापला नाही, तर यापुढेही कोणालाच अठ्ठावन्नाव्या वर्षी काढता येणार नाही.

"म्हणजे या गुरुवारी छापला, तर यातून नक्की जाणार कोण?" साहेबांनी विचारलं.

सल्लागारांनी पोटकलमांकडे पाहिलं. पोटकलम छताकडे पाहत होते.

अकराजणांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र आपोआप सुटला. आहेत तर असू देत, असं म्हणून चालू माणसांनी कपाटं उघडली आणि जुनी तुंबलेली प्रकरणं एकेक करून त्यांच्यापुढे आणून ठेवली. "ही तुमच्या काळातली. बरं झालं आलात." माजी साहेबांपुढे एकशे चाळीस फाइली आल्या. सगळ्यांवर त्यांच्याच अक्षरात 'चर्चा करावी' असं लिहिलेलं होतं. आता चर्चा करायला बसलेल्या माणसांची बाहेर रांग लागली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहाजणांनी स्वेच्छानिवृत्ती लिहून दिली. अकरावे माजी साहेब, त्यांनी सर्वांत शेवटी दिली. जाताना ते म्हणाले, "मला फक्त नीट काढायला हवं होतं. वीस महिन्यांपूर्वी तुम्ही मला चुकीचं काढलं होतंत. आज मी बरोबर गेलो." आणि समाधानाने डबा घेऊन निघून गेले.

उरले पोटकलम. नियम छपाईला पाठवण्याचं काम त्यांचं होतं. गुरुवारी छापून आला तर शनिवारी घर. हा एक गुरुवार चुकला तर पुढच्या गुरुवारी त्यांची अठ्ठावन्न उलटलेली असतील, मग सवलतीचं कलम, मग आणखी दोन वर्षं. एक बंडल एक दिवस उशिरा निघायचा काय तो प्रश्न. आणि त्यांना जायचं नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण छपाईच्या शाईचा वास नसलेली सकाळ कशी काढायची हे त्यांना सुचत नसे.

बुधवारी सकाळी हे सगळं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं होतं. तिचा घरात पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चाले. चार मशीन, आठ बायका, आणि ती एकटी चालवणारी. तीन महिन्यांपूर्वी पोटकलमांनी निवृत्तीची रंगीत तालीम म्हणून आठवडाभर रजा काढली होती. त्या आठवड्यात त्यांनी बॉबिनांना क्रमांक दिले, रिळांचं आवक-जावक रजिस्टर सुरू केलं आणि दारावर 'कात्रीच्या वापराबाबतचे नियम' लावले. त्यातल्या कलम तीनप्रमाणे कात्री मागणाऱ्या बाईने कारण लेखी द्यायचं होतं. दोघीजणी क्लास सोडून गेल्या. एक रडली.

"म्हणजे उद्या छापलं नाही तर?" बायकोने मशीनचं चाक हाताने थांबवून विचारलं.

"तर साठ."

"आणि छापलं तर?"

"परवाच्या दुसऱ्या दिवशी घरी. कायमचा."

तिने दारावर अजून चिकटून असलेल्या नियमांकडे पाहिलं.

"पण छापायचं राहणार नाही," पोटकलम म्हणाले. "बावीस वर्षांत मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. जे छापलं नाही ते लागू नाही, हे जितकं खरं, तितकंच जे पाठवायचं ते पाठवायचं हेही खरं."

"चष्मा घ्या," बायको म्हणाली. ते चष्मा न घेताच गेले.

दुपारी नाना आले. नाना म्हणजे पोटकलमांच्या आधीचे मुख्य कारकून. वय ऐंशी, हातात काठी, कान एक चालू. त्या चार पानांच्या आधारावर निवृत्त झालेला पहिला माणूस म्हणजे नाना. पोटकलमांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि बंडल पुढे ठेवलं.

नानांनी जावक रजिस्टरातल्या नोंदीवर बोट ठेवलं. "अक्षर माझं."

"हो, नाना."

"त्या गुरुवारनंतर चार दिवसांनी मला अठ्ठावन्न पूर्ण होत होती. एक आठवडा थांबवलं असतं तर दोन वर्षं राहिलो असतो." नानांनी बोट नोंदीवरून काढलं. "नाही थांबवलं. मनात आलं होतं. पण गुरुवार तो गुरुवार. सकाळी नोंद केली आणि बंडल टेबलावर ठेवलं."

"मग ते खाली कसं गेलं?"

"तू नवा होतास. माझा चहा सांडला. मी म्हटलं, अरे, या टेबलाचं काहीतरी कर." नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तू केलंस."

पोटकलमांना ती दुपार लख्ख आठवली. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला पहिलं काम सांगितलं म्हणून किती आनंद झाला होता, तेही आठवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"नाना, तुमची दोन वर्षं मी टेबलाखाली ठेवली."

"ठेवलीस खरी. चहा मात्र परत सांडला नाही," नाना म्हणाले. मग काठी टेकत उठले. "आता हा गुरुवार चुकवू नकोस."

नाना गेल्यावर पोटकलमांनी चार पानं तीनदा तपासली, नव्या कागदात बांधली आणि जावक रजिस्टरात नोंद केली : 'छपाईस रवाना'. बंडल टेबलावर ठेवलं. पाच वाजता छापखान्याचा सायकलवाला येऊन सगळी बंडलं घेऊन जाई. चार पानांची जागा राखून ठेवायला सांगण्यासाठी ते स्वतः छापखान्यात गेले. परत आले तेव्हा साडेपाच झाले होते, टेबल रिकामं होतं आणि त्यावर त्यांचा चष्मा होता.

"बाई येऊन गेल्या," शिपाई म्हणाला. "चष्मा ठेवलाय."

गुरुवार आणि शुक्रवार पोटकलम तळघरातच होते. त्यांच्या जागी येणाऱ्या कारकून बाईंना जुनी राजपत्रं मोजून ताब्यात द्यायची होती. नऊ हजार तीनशे बारा भरली. एक कमी आली, म्हणून पहिल्यापासून पुन्हा मोजली.

शनिवारी चार वाजता निरोप समारंभ झाला. टेबलावर नवं कापड, बिस्किटं, चहा आणि ते घड्याळ. साहेब आले, नाना आले, बायको आली. तिच्यासोबत क्लासमधल्या सहा बायकाही आल्या होत्या, सोडून गेलेल्या दोघी धरून आठ. त्या मागे ओळीने बसल्या आणि त्यांचे चेहरे विलक्षण प्रसन्न होते. पोटकलमांना भरून आलं. आपल्याविषयी यांच्या मनात एवढं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

साहेबांनी आदेश वाचायला घेतला. "गुरुवारच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार, मुख्य कारकून हे आज कार्यालयीन वेळेनंतर..."

"हलत नाही रे," नाना म्हणाले.

"काय नाना?"

"टेबल." नानांनी काठोकाठ भरलेला कप टेबलावर ठेवला होता आणि ते कोपऱ्यावर तळहाताने जोर देत होते. "बुधवारी हलत होतं."

पोटकलमांनीही कोपरा दाबला. चहाच्या सायीवर सुरकुतीसुद्धा पडली नाही. त्यांनी कोपऱ्यात पडलेला गुरुवारच्या राजपत्रांचा गठ्ठा पाहिला. नेहमीप्रमाणे आल्या सुतळीत तसाच होता, कोणी सोडला नव्हता. त्यांनी सुतळी कापली, वरची प्रत घेतली आणि शेवटपर्यंत पाहिली. होड्यांचे नियम होते. वजनकाट्यांचे होते. चार पानं कोरी सोडली होती आणि त्यांवर छापलं होतं, 'ही जागा राखून ठेवली आहे'.

मग ते नव्या कापडाची पर्वा न करता वाकले. आखूड पायाखाली, नव्या कागदात बांधलेलं, बंडल होतं.

"हे इथे कोणी ठेवलं?"

"मीच," शिपाई म्हणाला. "तुमच्या घरच्या बाईंनीच सांगितलं ना बुधवारी. टेबल फार हलतंय, चष्मा पडेल, हे घे आणि खाली लाव म्हणाल्या. मला वाटलं, तुम्हीच सांगून पाठवलंय. जागेवरची वस्तू जागेवर ठेवली."

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं आणि हात पुसले.

"मला यातलं काही कळत नाही," ती साहेबांना म्हणाली. "आमच्या घरी एवढंच सांगतात, की जे छापलं नाही ते लागू नाही."

मागच्या ओळीतल्या आठही बायकांनी माना डोलावल्या. साहेबांनी हातातला आदेश पाहिला, राजपत्र पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. मग आदेशाची घडी घालून खिशात ठेवली आणि घड्याळ पुन्हा कपाटावर ठेवायला सांगितलं. नाना एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पोटकलम हळूच आपल्या खुर्चीवर बसले. आपण रागवायला हवं, हे त्यांना समजत होतं, पण राग काही केल्या येईना. त्यांनी घसा साफ केला.

"सोमवारी हे बंडल काढ," ते शिपायाला म्हणाले. "येत्या गुरुवारी छापलं गेलंच पाहिजे. नियम म्हणजे नियम."

"मग टेबल हलेल की!"

"हलू दे," बायको म्हणाली. "मी घरून काहीतरी पाठवते."

आणि सोमवारी तिने डब्याबरोबर पाठवलं. चारपदरी घडी घातलेला जाड कागद होता. दारावरून काढताना कोपरे जरा फाटले होते, पण कात्रीच्या वापराबाबतची सगळी कलमं शाबूत होती, आणि जाडीला ती बरोबर पायाएवढी भरली.